गरिफालियाकाकूची सावड

मी 'होय'च्या चौकोनावर बोट टेकवलं आणि गरिफालियाकाकूचा बेकारी भत्ता बंद पडला.

माझा हेतू वाईट नव्हता, हे आमच्या प्रिनारी गावात सगळे मान्य करतात. "हेतू चांगला होता म्हणूनच एवढं नुकसान झालं," असं माझा मामा म्हणतो. वाईट हेतूनं मी काही करायला गेलो असतो तर आळसानं अर्ध्यातच सोडून दिलं असतं, असं त्याचं मत. मामाचं कॅफे आहे, कॅफेत खिडकीजवळ संगणक आहे, आणि संगणकापाशी मी आहे. खालच्या शहरातल्या तांत्रिक शाळेत काही वर्षं काढून आल्यामुळे गावात मला 'शिकलेला' म्हणतात. शहरात काय म्हणायचे ते इथं सांगण्यात अर्थ नाही. विजेचं बिल, शेळ्यांचं अनुदान, इस्पितळातली वेळ, बेकारीचा अर्ज, सगळं माझ्या हातून वर जातं. त्याबद्दल मला अंडी मिळतात, चीज मिळतं, कधी रोझमेरीत तळलेल्या गोगलगायींची वाटी येते.

काकू उन्हाळाभर किनाऱ्यावरच्या एका मोठ्या हॉटेलात चादरींना इस्त्री करते. शेवटचा पाहुणा विमानात बसला की हॉटेलाला कुलूप लागतं आणि अख्खा किनारा एका दिवसात बेकार होतो. मग कचेरीत नाव घालायचं. उन्हाळ्यात जेवढे दिवस भरले त्या मानानं हिवाळ्याचे काही महिने भत्ता मिळतो. दर महिन्याला तेवढं कळवावं लागतं की मी अजून बेकारच आहे, आणि मधे कुठं कामाला गेले असेन तर ते अमुक ठिकाणी, अमुक इतके दिवस, अमुक इतक्या पैशांवर. निम्म्या गावाचा हिवाळा असाच जातो. काकूचा तर सगळाच. नवरा कधीच वारला, मुलगा मालवाहू जहाजावर असतो आणि बंदराला लागला की फोन करतो. काकू त्याला आधी "तिथं पाव कसा असतो?" विचारते आणि मग "कसा आहेस?"

तर डिसेंबरातली ती सकाळ. संगणकापुढे रांग लागलेली. मी वाचून दाखवलं, "या महिन्यात दुसऱ्याच्या कामावर होतात काय?"

"कामावर म्हणजे?" काकू म्हणाली.

"म्हणजे आपलं सोडून दुसऱ्या कुणाचं काही केलंस का?"

"सिफिसकडे ऑलिव्ह झोडले की. तीन दिवस."

"झालं तर मग. होय."

पुढचा चौकोन मालकाच्या नावाचा. तिथं मी सिफिसकाकाचं पूर्ण नाव घातलं, बापाच्या नावासकट. त्याच्यापुढचा मजुरीचा.

"काय दिलं त्यानं?"

"काय देणार? सावड होती."

मी शून्य टाकलं. चौकोन लाल झाला. पुन्हा टाकलं, पुन्हा लाल.

"लाल का झालं?" काकूनं मान पुढं घातली.

"शून्य चालत नाही त्याला."

"का चालत नाही?"

"काकू, मागं लोक खोळंबलेत."

आणि मी शिकलेला असल्यामुळे गावात त्या हंगामात चालू असलेला मजुरीचा दर टाकून मोकळा झालो. लाल गेलं, हिरवं आलं. काकूनं दोन अंडी ठेवली आणि हिरवा रंग कुठून येतो ते विचारून गेली.

सावड आमच्याकडे अशी: आज मी तुझ्या झाडांखाली, उद्या तू माझ्या. दिवसाला दिवस. लिहून कुणी ठेवत नाही. कुणाचा दिवस कुणाकडे अडकलाय हे ज्याच्या त्याच्या डोक्यात असतं, आणि दोन्ही डोक्यांत सारखंच कसं असतं हे मला आजवर उलगडलेलं नाही. बाहेरून आलेल्या मजुराची गोष्ट वेगळी. त्याला पैसे द्यायचे आणि बँकेत जाऊन त्याच्या नावाची मजुरीची पावती काढायची, हे पोराटोरांना ठाऊक आहे. पण शेजाऱ्याच्या हातावर सावडीच्या दिवसाचे पैसे ठेवून पाहा. तो ते परत करील, वर महिनाभर तुमच्या दारावरून जाणार नाही.

काकूसारख्या एकट्या बाईचा सगळा हंगाम या सावडीवर चालतो. झाडाखाली जाळी पसरायला चार हात लागतात, भरलेली जाळी ओढायला सहा. म्हणून ती आधी सगळ्यांकडे जाऊन राबते आणि आपली झाडं शेवटी ठेवते. तिची झाडं गावाखालच्या चॅपेलपाशी, उतारावर. जानेवारी लागेपर्यंत फळ काळं पडून टपटपायला लागतं, तेव्हा तिनं लोकांना पेरलेले दिवस तिच्याकडे परत येतात.

त्या वर्षी त्याआधी दोन पत्रं आली. एक काकूला: आपण भत्ता घेत असताना मजुरीवर होता असं दिसतं, खुलासा येईपर्यंत भत्ता थांबवला आहे. दुसरं सिफिसकाकाला: आपण मजूर लावला, त्याची नोंद केली नाही, पावती काढली नाही, दंड का करू नये ते कळवा.

सिफिसकाका सत्तरीचा, पांढऱ्या मिशांचा, कमी बोलणारा माणूस. त्या दिवशी तो कॅफेत आला आणि दारातच उभा राहिला.

"इथं मालक कोण आहे?"

"मी," मामा म्हणाला.

"तू नव्हेस. मी. सरकारचं पत्र आलंय. मी मालक, गरिफालिया माझी मजूर. आयुष्यात कुणाची चाकरी केली नाही, कुणाला चाकरीला ठेवलं नाही. आता या वयात तुझ्या भाच्यानं मला बढती दिलीय."

"अभिनंदन," कोपऱ्यातून सोंगट्या खेळणारा कुणीतरी म्हणाला.

"काका, मी दुरुस्त करतो," मी म्हणालो.

"नको. तू हात लावलास तर उद्या मी हिचा नवरा म्हणून निघेन."

मग कॅफेत चर्चा सुरू झाली की सावड म्हणजे काम की काय. एक म्हणाला, घाम येतो ते काम. दुसरा म्हणाला, मग नाचही काम आणि तापही काम. मामा म्हणाला, दुपारी जेवण मिळतं, राकीचा पेला मिळतो, तो धरला तर पगार झाला की. "तुझ्या कॅफेतली राकी पगार म्हणून कुणी घेणार नाही," सिफिसकाका म्हणाला, आणि न बसता निघून गेला. जाताना एवढंच म्हणाला की मालक मजुरीण बाईच्या झाडांवर राबायला जात नसतो, तेव्हा ते तीन दिवस विसरावेत.

काकू हे सगळं कोपऱ्यात उभी राहून ऐकत होती. मला वाटलं आता माझ्यावर बरसणार. पण ती माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "मला एक सांग मिनास. ते पत्र वाचणारा माणूस, त्याला सावड माहीत नसेल का?"

काकूचं हे असंच. तिला राग यायच्या आधी प्रश्न पडतो. बाप्तिस्म्यात पोर रडत असताना तिनं पाद्रीबुवांना विचारलं होतं की पाणी कोमट कोण करतं आणि हात घालून बघतं कोण. डॉक्टरनं छातीला नळी लावली तर ती म्हणाली, मलाही ऐकू दे, छाती माझी आहे. हॉटेलातल्या चादरींवरून ती सांगते की कुठल्या खोलीतलं जोडपं भांडतंय. मागं एकदा मॅनेजरला विचारून आली की आम्ही इस्त्री केलेली चादर पाहुणा रात्रीतून पुन्हा चुरगळतोच, तर ती कुणासाठी करायची. मॅनेजरनं विचार करून उत्तर देतो म्हणून सांगितलं होतं, ते अजून आलेलं नाही.

पण या खेपेला प्रश्नाच्या मागं गोष्ट गंभीर होती. भत्ता कायमचा गेला तर मार्चपर्यंत तिच्या घरी लाकूड कशानं यायचं, वीज कशानं, हे गावात सगळ्यांना दिसत होतं. मुलाकडे मागितलं असतं तर त्यानं दिलं असतं. पण काकू म्हणाली, "मी उन्हाळाभर उभी राहून जे कमावलंय ते त्याच्याकडून कशाला मागू?" शिवाय बाकीचे सावडकरीही बिचकले होते. एक दिवस शेजारच्या मरीगोनं तिला रस्त्यात गाठून विचारलं, "माझ्याकडे आली होतीस ते वर कळवलं नाहीस ना गं?" म्हणजे काकूचे पेरलेले दिवस एकेक करून जमिनीत जिरायला लागले होते.

सोमवारी मी तिला मामाच्या गाडीतून शहरातल्या कचेरीत घेऊन गेलो. टेबलापाशी थेआनो नावाच्या बाई होत्या. चष्मा दोरीनं गळ्यात, बाजूला तीळ लावलेलं पावाचं कडं अर्धं खाल्लेलं. त्यांनी पडद्यावर अर्ज काढला.

"इथं तर स्वच्छ लिहिलंय," त्या म्हणाल्या. "तीन दिवस, मालकाचं नाव, मजुरी. मग खुलासा कसला?"

"मजुरी मिळालीच नाही मॅडम," मी म्हणालो.

"मग लिहिली कुणी?"

"मी."

"का?"

"शून्य घेत नव्हतं."

थेआनोबाईंनी चष्मा लावून माझ्याकडे पाहिलं. "'मजुरी मिळाली का'च्या वर 'बिनपैशाची मदत' असा चौकोन आहे. तो दाबला की पुढचं विचारतच नाही. वरचं वाचायचं नसतं का?"

मी पडद्यावर तो चौकोन शोधायला लागलो. काकू मात्र खुर्ची पुढं ओढून बसली होती.

"मॅडम, हे प्रश्न कोण लिहितं?"

"अथेन्समधे लिहितात."

"त्यांच्याकडे झाडं आहेत का?"

"मला नाही ठाऊक."

"नसतील. असती तर कुणाकडे गेला होतात एवढ्यावर थांबले नसते. तुमच्याकडे परत कोण येणार आहे, तेही विचारलं असतं."

बाईंनी कड्याचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "आमच्या गावाकडे," त्या म्हणाल्या, "तिकडं उत्तरेला, तंबाखूची पानं ओवायला बायका अशाच एकमेकींकडे बसायच्या. आज हिच्या ओसरीवर, उद्या तिच्या. माझी आई दाभण आपली आपण न्यायची."

"दाभण का आपली?"

"दुसऱ्याची हाताला बसत नाही म्हणे."

"बरोबर आहे. काठीचंही तसंच असतं," काकू म्हणाली, आणि दोघी काठ्या आणि दाभणांवर इतकं बोलल्या की मला वाटलं आमचं काम झालं. झालं नव्हतं. बाईंनी एक जाडजूड फाइल उघडून आमच्यापुढं बोट ठेवलं. शेतकऱ्यांनी एकमेकांच्या शेतावर पैशाशिवाय केलेली मदत ही मजुरी नव्हे, असं तिथं लिहिलं होतं.

"सुटलो," मी म्हणालो.

"'एकमेकांच्या'," बाई म्हणाल्या. "तुम्ही सिफिस यांच्याकडे तीन दिवस गेलात. ते तुमच्याकडे किती आले?"

"अजून नाही आला."

"येणार आहेत?"

काकू खोटं बोलत नाही. नैतिकतेचा प्रश्न तिनं कधी काढलेला मला आठवत नाही, पण खोटं सांगितलं की पुढचे प्रश्न विचारता येत नाहीत, असं तिचं म्हणणं. "येणार नाही म्हणतोय," ती म्हणाली.

"मग आजच्या घडीला तुम्ही एका माणसाकडे फुकट राबलात, एवढंच दिसतं. त्याला मदत म्हणायचं की बिनपगारी मजुरी, हे वरचे साहेब ठरवतील, आणि ते फारसे दयाळू नाहीत. महिनाअखेरीपर्यंत तुम्हाला काय परत मिळालं ते दोघांच्या सहीनं आणा. मी तसं टिपण करून वर पाठवते." मग त्यांनी सहज विचारलं, "याखेरीज कुठं काम केलंत?"

"पाद्रीबुवांकडे," काकू म्हणाली. "देवळाची झाडं आहेत ना. देवळाला सावड फेडायला माणूस नाही, म्हणून बुवांनी पैसे दिले."

मी टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला.

"लाथ का मारतोस रे?" काकू म्हणाली.

थेआनोबाईंनी चष्मा काढला. "हे अर्जात नाही."

"याला सांगायला लागले होते. हा म्हणाला, बास, एकच नाव बसतं."

ते खरं होतं. बास मी म्हणालो होतो, पण एकच नाव बसतं हे मी तेव्हा तिथल्या तिथं रचलं होतं. म्हणजे हिशेब असा झाला की जी मजुरी नव्हती ती मी मजुरी म्हणून लिहिली, आणि जी होती ती लिहिलीच नाही.

"ते दिवस भत्त्यातून कापले जातील," बाई म्हणाल्या. "आणि बुवांना बँकेत जाऊन पावती काढावी लागेल. तुम्ही आपण होऊन सांगितलंत म्हणून दंड लागणार नाही. पुढं कुणी सांगितलं असतं तर सगळाच भत्ता परत मागितला असता."

"किती दिवस आधी सांगितलं तर चालतं?" काकूनं विचारलं.

"त्याच महिन्यात."

"आणि तेल दिलं तर? पैशाऐवजी?"

"तेलाची किंमत लिहायची."

"कुठल्या भावानं? घाण्याच्या की दुकानाच्या?"

बाई हसल्या. मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. "तुम्ही यांचे कोण?"

"मी गावातले अर्ज भरतो."

"काय घेता?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. "अंडी," काकू म्हणाली. "कधी चीज."

"तुमचंही नाव आमच्याकडे बेकार म्हणून आहे का?"

"आहे."

"मग या महिन्यात स्वतःचा अर्ज सावकाश भरा," थेआनोबाई म्हणाल्या आणि कडं खायला लागल्या.

परतीच्या वाटेवर काकू कापलेल्या पैशांबद्दल काही बोलली नाही. "सिफिसकडे जाऊ," म्हणाली.

सिफिसकाका अंगणात बसून जाळीची भोकं शिवत होता. त्यानं वर पाहिलं नाही. मी फाटकाबाहेरच थांबलो, बढतीची आठवण ताजी होती. काकू जाऊन त्याच्यासमोर उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसली, आणि जाळीचं दुसरं टोक धरून ताणलं, म्हणजे त्याला शिवायला सोपं जावं.

"सिफिस, माझे तीन दिवस तुझ्याकडे होते ना?"

"होते."

"आता कुठं गेले?"

सिफिसकाकानं सुई ओढून घेतली. "सरकारनं नेले."

"मी आत्ता सरकारकडूनच येतेय. त्यांच्याकडे नाहीत."

"मग तुझ्या त्या शिकलेल्याकडे असतील."

"त्याच्याकडे काही टिकत नाही, तुला माहितीय. मी नीट विचारतेय सिफिस. तू म्हणतोस मी तुझी मजूर नाही. बरं. मग मी तुझी कोण, जिचे दिवस बुडवायचे?"

काका बराच वेळ शिवत राहिला. मला वाटलं, आता उठून घरात जाईल. आमच्या गावात माणूस दंड भरील, कोर्टात जाईल, भावाशी बोलणं टाकील, पण अमक्यानं सावडीचा दिवस बुडवला हे शब्द स्वतःच्या नावापुढं लागलेले त्याला सोसत नाहीत. काकूनं ते शब्द उच्चारले नव्हते, नुसते विचारले होते.

"दंडाचं काय?" तो शेवटी म्हणाला.

"दिवस फेडलेस तर सावड. सावड असली तर तू मालक नाहीस. मालक नसलास तर दंड कशाचा? असं त्या बाई म्हणाल्या. मी दोनदा विचारून घेतलं."

"दोनदाच?" काका म्हणाला. मिशीखाली काहीतरी हललं. "दोन दिवस मी येतो. तिसरा तो फाटकाबाहेरचा भरील."

"मी?" मी म्हणालो.

"दिवसाला दिवस. माणूस कुठलाही चालतो. आमच्या बापानं एकदा गाढव पाठवलं होतं."

"गाढव चाललं?" काकूनं लगेच विचारलं.

"अर्ध्या दिवसाचं धरलं."

सिफिसकाका आला म्हटल्यावर मरीगो आली, तिचा नवरा आला, मागोमाग बाकीचेही आले. दोन दिवस चॅपेलपाशी काठ्यांचा आवाज चालला होता. काका झाडावर चढून झोडत होता, काकू खालून फळातला पाला निवडत होती, आणि जेवताना रानभाजी, ऑलिव्ह, कडक भाकरीचे तुकडे पुढं ठेवून ती त्याला विचारत होती की सत्तरीतही तुझा गुडघा वाजत कसा नाही. माझ्याशी काका एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी निघताना मात्र त्यानं आपली काठी माझ्या हातात दिली. "उद्या ही वापर. हाताला बसणार नाही, पण झाडाला सवय आहे."

तिसरा दिवस माझा. सकाळी मी उत्साहात होतो. दुपारपर्यंत तळहाताला दोन फोड आले, कमरेचं काय झालं ते सांगत नाही, आणि भरलेली जाळी ओढताना खालचं टोक माझ्या हातून सुटलं. एका झाडाचे सगळे ऑलिव्ह उतारावरून घरंगळत ओढ्यात गेले. काकू कडेला उभी राहून ते जाताना बघत होती.

"बघ, गोल असतात ते जास्त लांब जातात," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "जा तू आता घरी. तू आणखी थांबलास तर उरलेलेही पोहायला जातील."

राहिलेली तीन झाडं तिनं आणि मरीगोनं संध्याकाळपर्यंत उरकली.

महिनाअखेरीला आम्ही पुन्हा कचेरीत. या वेळी सिफिसकाकाही होता, लग्नाकार्याचा काळा सदरा घालून. पाद्रीबुवांनी काढलेली पावती काकूच्या पिशवीत होती. गाडीत मी दोघांना बजावलं होतं: बाई विचारतील, तिन्ही दिवस फिटले का. होय म्हणायचं, सही करायची, बाहेर पडायचं. भत्ता सुरू. जास्त बोलायचं नाही. सिफिसकाकानं मान डोलावली. काकूनं विचारलं, "जास्त म्हणजे किती?"

थेआनोबाईंनी कागद पुढं ओढला. "फिटले तिन्ही दिवस?"

"होय," सिफिसकाका म्हणाला.

"अडीच," काकू म्हणाली.

मी डोळे मिटले. खुर्ची करकरली, ती काकाची होती.

"दोन यानं स्वतः भरले," काकू सांगायला लागली. "तिसऱ्याला याच्यातर्फे हा आला आणि दुपारी गेला. गेला म्हणजे मीच घालवला. तेव्हा अर्धा दिवस राहिलाय."

"मी बदली माणूस दिला," सिफिसकाका म्हणाला. "तो पळाला, त्याला मी काय करू? माझे तीन फिटले. अर्धा त्याच्याकडे आहे."

"माझ्याकडे कसा?" मी म्हणालो. "मला तिनं जा म्हटलं."

"का म्हटलं ते सांग की बाईंना."

"गाढवाचं जसं अर्ध्या दिवसाचं धरलं होतं," काकू बाईंना समजावू लागली, "तसं—"

थेआनोबाईंनी हात वर केला. त्यांनी चष्मा लावला, कागद पाहिला, मग आमच्याकडे एकेक करून पाहिलं. माझ्या मनात मार्चपर्यंतची लाकडं एकेक करून विझत होती.

"मजुरी राहिली असती तर तुम्ही पैसे मागितले असते," त्या म्हणाल्या. "इथं तर अर्धा दिवस कुणाच्या अंगावर आहे त्यावरून भांडताय. वरच्या साहेबांना काय कळायचं ते कळो, मला कळलं." आणि त्यांनी टिपणात लिहिलं: परस्पर मदत, अडीच दिवस परत, अर्धा दिवस येणे. "खाडाखोड करून तीन लिहिले असते तर उलट मी आणखी दोन प्रश्न विचारले असते."

"कुठले?" काकू म्हणाली.

भत्ता दहा दिवसांनी सुरू झाला. बुवांकडचे दिवस त्यातून वजा झाले होते, काकूनं ते पुन्हा मोजून घेतले. सिफिसकाकाला दंड रद्द झाल्याचा कागद आला. तो त्यानं कुणाला दाखवला नाही, पण त्या संध्याकाळी कॅफेत येऊन बसला आणि मामाची राकी प्यायला, वर म्हणाला की हिची मजुरी म्हणून मोजदाद कुणीही करणार नाही. मी माझ्या स्वतःच्या अर्जात अंड्यांची किंमत लिहिली. त्या चौकोनानं ती मुकाट्यानं घेतली.

अर्ध्या दिवसाचा निकाल मात्र लागलेला नाही. आता झाडं छाटायचे दिवस आलेत. काकू चॅपेलकडे जाताना कॅफेच्या खिडकीशी थांबते आणि विचारते, "मिनास, दुपारपर्यंत मोकळा आहेस का?" मी बोटानं वर सिफिसकाकाच्या घराकडे दाखवतो. काका ओसरीवर बसलेला असतो. तो तिथूनच बोट खाली, कॅफेकडे करतो. काकू जरा वेळ दोन्ही बोटांकडे आळीपाळीनं बघते आणि छाटणीची लांब कात्री खांद्यावर टाकून एकटीच उतारानं निघून जाते.